मदत हवी आहे: विहिरीचं पाणी शेजारच्या बोअरला जातं का?

नमस्कार मंडळी. आमचं शेत बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीपासून थोडं वर. आजोबांनी खणलेली ४५ फूट खोल विहीर पूर्वी मे महिन्यापर्यंत साथ द्यायची. आता होळीलाच तळ दिसतो. दोन वर्षांपूर्वी बांधापलीकडे ३५० फुटी बोअर पडली, आणि घरात सगळे तिलाच दोष देतायत. मला भांडण नको, आधी समजून घ्यायचंय.

माझ्या समजुतीप्रमाणे जमिनीखाली तळं किंवा नदी नसते. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. आमच्या विहिरीत ३० फुटांवर तांबडा गेरूसारखा पट्टा आहे, झरे नेमके त्याच्या वरून येतात. म्हणजे तो पट्टा पाणी अडवतो, असं मला वाटतं.

मग बोअरने तो पट्टा भेदला असेल आणि केसिंग (बोअरच्या भोकात बसवलेला पाइप) वरच्या मातीपुरतंच असेल, तर आमचं पाणी तिच्यातून खाली उतरत असेल का? बोअर चालू-बंद असताना विहिरीची पातळी मोजली तर खात्रीने कळेल का, आणि किती दिवस मोजावी? ओढ्यावर बांध घालायचा तर विहिरीच्या वरच्या अंगाला किती अंतरावर?

खानापूर, चिकोडी, निपाणीकडे कुणी असं मोजून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. वडील पाणाड्याला बोलवून नवी बोअर मारायच्या विचारात आहेत, त्याआधी मला उत्तर हवंय.