पित्त पित्त म्हणून किती दिवस गोळ्या गिळायच्या? जठराच्या सुजेचे अनुभव लिहा

आपल्याकडं पोटात जळजळलं की "पित्त झालंय" म्हटलं की विषय संपला. मेडिकलवाला पॅन्टोप्राझोलची, म्हणजे ऍसिड कमी करायच्या गोळीची, स्ट्रिप काढून देतो आणि लोकं वर्षानुवर्षं ती गिळत बसतात, जळतंय कशानं ते कोण विचारतच नाही. माझ्या आईला क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला जुनी सूज निघाली, म्हणून हा धागा. काढे पण लिहा, पण निदान काय झालेलं तेही लिहा, नाहीतर काढा कशावर लागू पडला ते कळणार कसं!

सुरुवात मीच करते. आईला दोन घास खाल्ले की पोट गच्च, ढेकरा, रात्री जळजळ. बेळगावात दाखवलं, डॉक्टर कन्नडमधनं विचारणार, आई मराठीत सांगणार, मधे मी. एंडोस्कोपीचं नाव काढलं की तिचे हातपाय गार. घशात बधीर करायचा स्प्रे मारले, डाव्या कुशीवर झोपवले, दातात प्लास्टिकची रिंग दिले आणि नळी घातले, बघता बघता झालं पण. अस्तराचा कणभर तुकडा बायोप्सीला पाठवले त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू निघाला. मग 14 दिवस दोन अँटिबायोटिक आणि सोबत ऍसिड कमी करायची गोळी, ती जेवणाआधी अर्धा तास. तोंड सारखं कडू. निम्म्यात बरं वाटलं तर आई म्हणते बास की आता, पण अर्धवट सोडलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो म्हणून मागं लागून पुरा करून घेतला. कोर्स संपल्यावर कमीत कमी 4 आठवड्यांनी परत तपासायचं असतं, आणि त्याआधी 2 आठवडे ऍसिडची गोळी बंद, नाहीतर जंतू असून पण रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

निपाणीकर
आमच्या मावशीचं वेगळंच. विड्या वळायला बसली की चहा सोडून पोटात काय नाही, वर मिश्री, आणि पाठ धरली की डायक्लोफिनॅक ही पेनकिलर. रोज. दुकानातनं सुट्ट्या गोळ्या आणायची. अस्तराला सांभाळणारा जो पदार्थ शरीर तयार करतं तोच ह्या गोळ्या कमी करतात म्हणे. एक दिवस संडासला डांबरागत काळं झालं, चक्कर येऊन पडली, बघितलं तर रक्त पार कमी. ॲडमिट करावं लागलं. पेनकिलर बंद झाल्यावर पोट शांत झालं, पाठ दुखतेच अजून, त्याला शेक आणि व्यायाम चाललाय.

खानापूरवाला
काळ्या संडासावरनं एक सांगतो. माझ्या पायलोरीच्या कोर्सात बिस्मथ नावाचं औषध होतं, त्यानं पण काळं होतं, लोहाच्या गोळ्यांनी पण. मी घाबरून डॉक्टरला फोन केलो तर ते हसले. पण असलं औषध चालू नसताना काळं चिकट झालं तर निपाणीकर म्हणतात तसं थेट दवाखाना गाठा. कोर्सात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर दारूला हात लावू नका, मळमळून जीव जातो.

संकेश्वरी तिखट
सगळे मिरचीला शिव्या घालतात म्हणून लिहितोय. सुजलेल्या पोटाला मिरची झोंबते हे खरं, मी पण ठेचा थोडे दिवस बाजूला ठेवलेलो. पण जुन्या सुजेचं मोठं कारण जंतू. बॅरी मार्शल म्हणून ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, कोण ऐकेना म्हणून 1984 मध्ये त्यांनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन गॅस्ट्रायटिस करून दाखवला. 2005 साली रॉबिन वॉरन आणि त्यांना नोबेल. आता आमच्या मिरचीला सोडा की राव.

चिकोडी
दारू सोडली. बरं आहे.

अथणीची सून
सासूबाईंचं सांगते, कारण हा प्रकार कुणी लिहिला नाही. जळजळ कमीच, पण पायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, दम लागायचा. पायलोरी निगेटिव्ह. बी-12 एकदम खाली. बायोप्सीत ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस आला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ऍसिड तयार करणाऱ्या पेशींवर उठते. बी-12 शोषायला जो घटक लागतो तो पण त्याच पेशी बनवतात. ऍसिडच कमी पडलेलं आणि आम्ही ऍसिड कमी करायच्या गोळ्या देतोय! आता बी-12 ची इंजेक्शनं, ती कायमची, आणि मधनं मधनं एंडोस्कोपी. मुंग्या पुष्कळ कमी झाल्यात.

निपाणीकर
@धागाकर्ती, पायलोरी निघाला तर घरातल्या सगळ्यांनी तपासायचं का?

धागाकर्ती
मी पण हेच विचारले. जंतू बहुतेक लहानपणीच घरातल्या घरात लागतो, पण लागलेल्या सगळ्यांना त्रास होत नाही. ज्याला तक्रार आहे किंवा ज्याच्या घरात जठराचा कॅन्सर झालाय त्यानं जरूर तपासावं म्हणाले. आमच्या बाबांची जळजळ जुनीच आहे, नळीला तयार नाहीत, म्हणून त्यांची संडासची अँटिजेन टेस्ट, म्हणजे संडासात जंतूचा अंश सापडतो का ते बघायची, करायचं ठरलंय. गोळी बंद केलीय, तोवर ताक-भातावर धुसफूस चालू आहे.