सांगलीत घरगुती विजेचा स्वस्त दर कसा मिळवायचा?

विश्रामबाग_दुमजली

घर विश्रामबागेत. खाली आई-वडील, वर भावाचं कुटुंब, दोन स्वयंपाकघरं, पण मीटर एकच आणि तोही थ्री फेज. वापर महिन्याला साधारण २४० युनिट. एसी नाही. दोन गिझर (प्रत्येकी २ किलोवॅट), दोन फ्रिज, सात पंखे, टाकीची १ एचपी मोटर.

मुंबईत टाटा, अदानी, बेस्ट असे पर्याय असतात. सांगलीत महावितरण सोडून दुसऱ्या कंपनीची वीज घरी घेता येते का? नसेल तर याच बिलात दर खाली आणायला कायदेशीर काय करता येईल? सोलर घ्यावं की आधी दुसरं काही करावं?

गावभाग_वायरमन

सांगली-मिरज-कुपवाडात घरगुती ग्राहकाला महावितरणशिवाय पर्याय नाही. इथे स्वस्त दर म्हणजे स्लॅब (युनिटचे टप्पे), फेज (विजेच्या जिवंत तारा, एक की तीन) आणि वेळ. तुमचा पैसा पहिल्या दोन ठिकाणी जातोय.

आधी स्लॅब. घरगुती दराचे टप्पे ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. शंभरच्या वर गेलात म्हणून सगळीच युनिटं महाग होत नाहीत, वरची तेवढीच होतात. २०२४-२५ च्या दराने मांडतो: पहिल्या टप्प्याला वीज आकार ४.७१ आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) १.१७ मिळून ५.८८ रुपये, दुसऱ्याला १०.२९ आणि १.१७ मिळून ११.४६. म्हणजे पहिली १०० युनिटं ५८८ रुपयांना आणि पुढची १४० युनिटं १,६०४ रुपयांना. यावर १६ टक्के वीज शुल्क, शिवाय स्थिर आकार आणि त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या बिलामागे छापलेले आकडे घालून हेच गणित परत करा. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली दरी किती मोठी आहे ते लगेच दिसेल.

आता हेच २४० युनिट दोन मीटरवर १२०-१२० असे वाटले, तर प्रत्येक मीटरचे ८१७, दोन्हींचे १,६३४. एका मीटरवर ते २,१९२ होते. महिन्याला ५५८ रुपयांचा फरक, त्यातून दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार सव्वाशे-दीडशे वजा करा. पण एकाच कुटुंबाने नुसता स्लॅब वाचवायला दोन मीटर मागितले तर मिळत नाहीत आणि ते बरोबरही नाही. तुमच्याकडे खरोखर दोन चुली आहेत, म्हणून अर्ज करण्यात काही गैर नाही. वरच्या मजल्याचा वेगळा घरपट्टी उतारा किंवा वाटणीपत्र, वेगळं रेशनकार्ड, भाडेकरू असेल तर करार, अशी कागदं साधारणपणे मागतात. वरच्या मजल्याची वायरिंग मुळापासून वेगळी हवी. नुसता मीटर वेगळा करून भागत नाही.

दुसरं, थ्री फेज. त्याचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे, वापर शून्य असला तरी द्यावा लागतो. सिंगल फेज ४० अँपिअरपर्यंत मिळतो. दोन्ही गिझर आणि मोटर एकदम चालू केले तरी २५ अँपिअरच्या आत बसतं. मोटर सिंगल फेजची आहे का एवढं आधी बघा, कारण थ्री फेज मोटर असेल तर ती बदलावी लागेल. नसेल तर वेगळ्या मीटरच्या अर्जासोबतच फेज कमी करायचा अर्ज द्या.

किरकोळ सवलती: बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर १ टक्का, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल बंद केलं तर बिलामागे १० रुपये. घ्याव्यात, पण खरी बचत वरच्या दोन गोष्टींत आहे.

न्यूट्रल_बघा

वरचं सगळं बरोबर. पण मीटर वेगळे करताना न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) वेगळा झाला नाही तर बिल कमी होण्याऐवजी वाढेल. अशा कामांत नेहमी इथेच चूक होते, म्हणून सविस्तर लिहितो.

सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांचा करंट मोजतो आणि जो जास्त असेल त्याचं युनिट लावतो. चोरी पकडायला ही सोय केलेली आहे. आता खालच्या आणि वरच्या मजल्याचा न्यूट्रल एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेला राहिला, तर वरच्या गिझरचा करंट परत जाताना तुमच्या मीटरमधूनही जातो. एकच वीज दोन मीटरवर मोजली जाते. जुन्या वाड्यांत हे सर्रास सापडतं, आणि पुराचं पाणी शिरलेल्या घरांत घाईने केलेल्या जोडण्यांतही. इन्व्हर्टर बसवणाराही कधी कधी आउटपुटचा न्यूट्रल भलत्याच सर्किटला जोडून जातो.

ओळखायचं असं. मीटरवर ‘ई/एल’ किंवा ‘अर्थ’ लिहिलेला छोटा दिवा असतो. घरात काही चालू असताना तो पेटला तर फेज आणि न्यूट्रलचा करंट सारखा नाही. मग मेन स्विच बंद करा. मेन दोन्ही तारा तोडणारा, म्हणजे डबल पोल असावा. वापर मोजणारा पल्सचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मध्ये कोणीतरी जोड घेतलाय, किंवा मीटर बिघडलाय.

मीटर पळतोय अशी शंका असेल तर हा प्रयोग करा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती पल्स ते लिहिलेलं असतं, बहुतेक ३२००. फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त १००० वॅटची इस्त्री लावा आणि लगेच एक मिनिट दिवा मोजा. ५३ च्या आसपास लुकलुकायला हवा. व्होल्टेज २१० असेल तर ४४-४५. थर्मोस्टॅटचा ‘टक’ आवाज झाला की मोजणं थांबवा, त्यानंतरचा आकडा निरुपयोगी. सत्तरच्या पुढे जात असेल तर शुल्क भरून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. मीटर सदोष निघाला तर वादाच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या बिलांची दुरुस्ती होते, म्हणून अर्ज लांबवू नका.

कृष्णाकाठ_सोलर

सोलरबद्दल. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान आहे, कमाल ७८,०००. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो, जागा साधारण १०० चौरस फूट, सावलीविना. तुमच्या २४० ला दोन किलोवॅट पुरे.

पण मीटर वेगळे करायचे ठरलं तर सोलर थोडं थांबवा. १२० युनिटच्या मीटरवर सोलर बसवलं की ते बहुतेक पहिल्या टप्प्यातली स्वस्त युनिटं वाचवतं आणि पैसे वसूल व्हायला खूप वर्षं लागतात. एकच मीटर ठेवणार असाल तर सोलरच बरं. दोन्हींपैकी एक निवडा.

अडचणी येतात त्या कागदांत. बिल आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या. पॅनेल अनुदानाला चालणारं, भारतीय सेलचं आहे हे कोटेशनवर लिहून घ्या. एप्रिल-मेत महावितरणकडे गेलेली शिल्लक युनिटं पावसाळ्यात वापरता येतात, हिशेब ३१ मार्चला मिटतो. आणि गळीत हंगामात कारखान्याची काजळी पॅनेलवर बसते, तेव्हा दर आठवड्याला सकाळी गार असतानाच साध्या पाण्याने धुवा.

चार_भिंती_सातारा

साताऱ्यातही हेच दर आहेत का? आणि आमच्याकडे तीन महिने सरासरी बिल येऊन मग एकदम ४०० युनिटचं आलंय. सगळी युनिटं महागच्या टप्प्यात लावलीत का, हे कसं बघायचं?

गावभाग_वायरमन

दर सगळ्या महावितरण क्षेत्रात एकच. सातारा बारामती परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडळात, फरक तेवढाच.

तुमच्या बिलात मागील रीडिंग कोणत्या महिन्याचं आहे ते बघा. ४०० युनिट चार महिन्यांची असतील तर टप्पेही चौपट व्हायला हवेत, म्हणजे सगळी ४०० पहिल्याच टप्प्यात. सरासरीने भरलेले पैसेही वजा झालेले दिसले पाहिजेत. नसतील तर मीटरचा तारखेसह फोटो आणि चारही बिलं जोडून उपविभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांकही त्यावर लिहा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचात जाता येतं, तिथे वकील लागत नाही.

विश्रामबाग_दुमजली

मीटरचं आणि फेजचं कळलं, आधी अर्ज करतो. गॅस वाचवायला इंडक्शन घेतलं तर परवडेल का? आणि पंख्यांचं काय?

न्यूट्रल_बघा

१४.२ किलोच्या सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर केला तर १२० ते १४० युनिट लागतात. मीटर वेगळे झाले तरी प्रत्येकावर तुम्ही १०० च्या वर आहात, म्हणून एका मीटरवरची ती सगळी दुसऱ्या टप्प्यात पडतील (एकच मीटर राहिला तर काही ३०० च्याही वर जातील): शुल्कासह युनिटला १३.२९ धरले तर १,६०० ते १,८६० रुपये. आजच्या सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा, परवडणार नाही. स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा) असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला सवलत आहे, जुलै २०२५ ला ती युनिटमागे ८० पैशांनी सुरू झाली. तेवढ्याने हे गणित फिरत नाही. त्या वेळेत टाकी भरा, इस्त्री करा, वॉशिंग मशीन लावा.

पंखे मात्र बदला. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटचा. रोज १२ तास चालणारा एक पंखा महिन्याला १६ युनिट वाचवतो, दुसऱ्या टप्प्यात दोनशेच्या वर रुपये. सातही एकदम नकोत. हॉल आणि झोपायच्या खोल्यांतले आधी.