भाऊला कशाला दोष देता?

'चला हवा येऊ द्या' या कॉमेडी शोचा तो सिनेमाच्या प्रमोशनवाला भाग फुसका होता हे एकदम मान्य, पण त्यावरून त्यातला विनोदी नट भाऊ कदम संपला वगैरे म्हणणं काही पटलं नाही ब्वा. २०१४ ला सुरू झालेला तो शो २०२४ पर्यंत चालला, इतका रतीब घातल्यावर दुधात पाणी येणारच की! भाऊ नुसता दारात येऊन कॅमेऱ्याकडे बावळटासारखा बघत उभा राहिला तरी आपण हसायचो, इथे त्याला परत साडी आणि विग, आणि वाक्य अर्धं तोंडात असतानाच सोफ्यावरचे पाहुणे एकमेकांना टाळ्या देत लोळायला लागतात, मग आपल्याला हसायला जागाच कुठे उरते. मला विचाराल तर सागर कारंडेचा पोस्टमन यायचा ते बरं होतं, अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं तो वाचायचा, ती डोळ्यात पाणी आणायची आणि मग पुढचं स्किट आपोआप जास्त हसवायचं (निदान आमच्या घरी तरी). असो. त्या दिवशी आईने मधेच रिमोट घेऊन बातम्या लावल्या आणि घरात कोणी हूं की चूं केलं नाही.