'नायिका', 'वीरांगना' की 'म्होरकी'?

माझी लेक आठवीत आहे, आम्ही ऐरोलीला राहतो, आणि सुट्टीत ती मराठीतून एक फँटसी गोष्ट लिहितेय. खाडीतले सगळे फ्लेमिंगो एका मुलीचं ऐकतात आणि त्यांना घेऊन ती भरतीच्या राक्षसाशी लढते. मला विचारते, "आई, हिला काय म्हणू? नायिका नको, नायिका सिरियलमध्ये असते."

मी समजवायला गेले, अगं संस्कृत 'नी' धातू म्हणजे नेणे, जी नेते ती नायिका. पण मग शोधत बसले तेव्हा कळलं पोरीचं बरोबर आहे. नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका बघा ना, वासकसज्जा, खंडिता, विप्रलब्धा, अभिसारिका वगैरे, आठही जणींची ओळख नायकाशी त्यांचं काय चाललंय यावरूनच, कोणी नटून वाट बघतेय, कोणी चिडलीय, कोणी त्याला भेटायला निघालीय. नेणारी एकही नाही! आणि 'नायकीण' म्हणावं तर तो शब्द कलावंतिणीसाठी रूढ झालेला.

'वीरांगना' मला पुतळ्याखालच्या पाटीवरचा वाटतो. शिवाय वेलांटीच्या जागी काना पडला की 'वारांगना', म्हणजे गणिका. आणि अंगना म्हणजे बाई, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कोणी अंगना म्हणून हाक मारणार आहे का?

कोणीतरी 'मर्दानी' सुचवलंय. मर्द हा फारसी शब्द, अर्थ पुरुष. मर्दानी खेळ ठीक आहे, पण मुलगी शूर आहे हे सांगायला पुरुषाचं माप कशाला लावायचं, हे मला मनापासून खटकतं. 'धीट' मूळ संस्कृत 'धृष्ट' वरून आलाय, म्हणजे उद्धट, आणि अजूनही मुलगा धीट असला की कौतुक नि मुलगी धीट असली की आगाऊ. 'खमकी' फार आवडतो, त्यात कुणाशी तुलना नाही, पण त्यातून स्वभाव कळतो, ती गोष्टीत काय करते ते नाही कळत.

सासूबाई साताऱ्याकडच्या, त्या भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्होरकी म्हण की. थव्याच्या म्होरं असती ती म्होरकी." लेकीने लगेच वहीत लिहून टाकलं.

मला यात फक्त एकच अडचण दिसते, पेपरात 'टोळीचा म्होरक्या अटकेत' इतकं वाचलंय की म्होरक्या म्हणजे गुंडच डोळ्यासमोर येतो. पण स्त्रीलिंगी रूप पेपरवाल्यांनी फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे ते अजून स्वच्छ आहे असं मला वाटतं, आणि 'म्होर' मध्ये 'नी' धातूचाच अर्थ सरळ ऐकू येतो, कोणाला समजावावा लागत नाही.

गोष्ट खाडीतली आहे म्हणून विचारते, इथे आगरी-कोळी बोलणारे कोणी असतील तर पुढे चालणाऱ्या बाईला तुमच्याकडे काय म्हणतात? लेकीला दुसऱ्या प्रकरणात गोष्टीतल्या मुलीच्या आजीच्या तोंडी तो शब्द घालायचाय.