शब्दचर्चा : 'अनमॅन्युफॅक्चर्ड टोबॅको' म्हणजे कच्ची तंबाखू का?

अनुवादिका, पुणे :
निपाणी-कागल भागातल्या तंबाखू उत्पादकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. परदेशी पान पाठवताना कागदोपत्री त्याला काय म्हणायचं, असा विषय. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये, म्हणजे मालाची वर्गवारी आणि शुल्क देणाऱ्या यादीत, चोविसावं प्रकरण तंबाखूचं आहे आणि त्यात पहिलंच शीर्षक २४०१ : 'अनमॅन्युफॅक्चर्ड टोबॅको, टोबॅको रेफ्यूज'. मी सरळ 'कच्ची तंबाखू व तंबाखूचा कचरा' लिहून मोकळी झाले. पुढच्याच परिच्छेदात मूळ लेखक म्हणतो की प्रोसेस्ड लीफ २४०१ मध्येच येते. प्रक्रिया केलेलं पान कच्चं कसं? कुणी 'अनिर्मित' सुचवलं, पण ते वाचून अजून उगवायची असलेली तंबाखू डोळ्यांसमोर येते. शिवाय 'नॉट स्टेम्ड'चं एका जुन्या मसुद्यात 'खोडविरहित नसलेली' झालंय. हे तर वाचवतही नाही.

कस्टम्सचं काम करणारा, उरण :
ताई, न्हावा-शेवाला कागद फिरवण्यात बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. प्रक्रिया झाली का हा प्रश्न तिथे गौण असतो. हिरवं ओलं पान जहाजावर चढवतो कोण? बघतात ते एवढंच की माल आहे तसा ओढायला, चघळायला, नाकात घालायला तयार झाला का. झाला असेल तर सिगार-सिगारेट-चिरूट यांचं २४०२ नाहीतर बाकीच्यांचं २४०३. (विडी मात्र २४०३ मध्ये आहे, चुकून २४०२ लिहू नका, नवखी पोरं हमखास लिहितात.) जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात २४०१ खाली अख्खं झाड, वाळवलेलं पान, आंबवलेलं, शीर काढलेलं, छाटलेलं, मोडलेलं, कापलेलंसुद्धा बसतं, फक्त ते ओढायला तयार नको. बुरशी लागू नये, फार सुकू नये, वास टिकावा म्हणून पाकासारखं द्रावण दिलेलं मिश्र पानही तिथेच. म्हणजे 'कच्ची' चालणार नाही. 'अनुत्पादित' लिहा, सरकारी वाटतं.

तंबाखूवाल्या घरातला, निपाणी :
'अनुत्पादित' लिहिलंत तर आमची म्हातारी माणसं पुस्तिका फेकून देतील. आम्ही स्वतःला 'तंबाखू उत्पादक' म्हणवतो, १९८१ सालचं आंदोलन त्याच नावाखाली झालं, आणि आम्ही पिकवलेली तंबाखू अनुत्पादित?

दुसरं, 'स्टेम' म्हणजे खोड नव्हे. पानाची मधली जाड शीर. सिगारेटच्या पानात वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा तिचाच. म्हणून 'शीर न काढलेली' (२४०१ १०) आणि 'अंशतः किंवा पूर्ण शीर काढलेली' (२४०१ २०). 'देठ' लिहू नका, देठ शिरेच्या बुडाशी असतो, तो खुडला म्हणून शीर निघाली असं होत नाही. निघालेल्या शिरा, काड्या, भुकटी हे सगळं २४०१ ३०. त्याला 'कचरा' म्हणाल तर इथला व्यापारी हसेल, भुकटीलाही गिऱ्हाईक असतं. 'काडी-भुकटी' म्हणा, कुणालाही कळेल.

आणि उरणच्या दादांना एक विचारायचंय. तुमची 'आहे तशी चघळता येते का' ही परीक्षा आमच्याकडे कशी लावणार? वाळलेली, मोडलेली साधी पत्ती, ना वास ना मसाला. तळहातावर चुना घालून मळली की झालं. मग ती पान की माल?

कस्टम्सचं काम करणारा, उरण :
पकडलंत मला. याच मुद्द्यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद झालेत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. नुसती मोडून, चाळून पुडीत भरली तर ती 'मॅन्युफॅक्चर्ड' होते का? मी 'तयार' म्हणालो ते जरा ढोबळच होतं. काय मिसळलं, काय प्रक्रिया झाली, कशी भरली, कुठल्या नावाने विकली हे सगळं पाहावं लागतं. पोत्यातून मोठ्या प्रमाणात जाणाऱ्या पानाला सहसा हा त्रास नाही, त्रास पुडीला.

निवृत्त मराठी शिक्षक, सांगली :
मूळ शब्दाच्या मागे एक जुना कायदा आहे, तो पाहिला की कोडं सुटतं. १९४४ च्या केंद्रीय अबकारी कायद्यात 'क्युअरिंग'ची व्याख्या आहे. सुकवणं, वाळवणं, आंबवणं आणि 'अनमॅन्युफॅक्चर्ड' वस्तू बाजारात किंवा कारखान्यात जाण्याजोगी करणारी कोणतीही प्रक्रिया. म्हणजे इतकं सगळं केल्यावरही ती वस्तू कारखान्याच्या दाराबाहेरच उभी आहे असं कायदा मानतो. तेव्हा पानावरच कर होता. माझ्या लहानपणी परमिटाशिवाय तंबाखू गावाबाहेर हलत नसे. १९७९ मध्ये पानावरचा तो कर गेला, शब्द मात्र राहिला.

'क्युअर्ड'ला कृपया 'धुरी दिलेली' म्हणू नये. फ्लू-क्युअर्ड व्हर्जिनिया आंध्रात आणि म्हैसूरकडे भट्टीघरात सुकवतात, पण उष्णता लोखंडी नळ्यांतून फिरते, धूर पानाला लागतच नाही. धुरावरची वेगळी. 'सन क्युअर्ड कंट्री (नाटू)' या नोंदीतला 'नाटू' तेलुगू आहे, आपल्या 'गावठी'चा सख्खा भाऊ. 'उन्हात वाळवलेली गावठी तंबाखू' म्हटलं की काम झालं.

मुख्य शब्दासाठी 'पानरूप तंबाखू' कसा वाटतो?

कस्टम्सचं काम करणारा, उरण :
सर, छान आहे, पण एक खोडा. भुकटीचा लगदा करून कागदासारखा ताव काढतात. तो दिसतो पानासारखा, वापरतात पानाच्या जागी, पण जातो २४०३ ९१ मध्ये. वाचणाऱ्याने तो 'पानरूप' धरला तर?

निवृत्त मराठी शिक्षक, सांगली :
तो ताव, पान नव्हे. 'पुनर्घटित तंबाखूचा ताव' असं वेगळं लिहा. पानाचं रूप घेतलेली आणि पानाच्या रूपात राहिलेली, यांत फरक आहे. हवं तर 'पानाच्या अवस्थेतील' म्हणा.

अनुवादिका, पुणे :
'पानाच्या अवस्थेतील तंबाखू' घेते, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वाळवलेली, आंबवलेली किंवा शीर काढलेली असली तरी' एवढं जोडते. लांब आहे, पण खोटं नाही. एक शंका राहिली. मुखपृष्ठावर 'विडीपानाची निर्यात' असं आहे, ते ठेवू ना?

तंबाखूवाल्या घरातला, निपाणी :
नको! विडीपान म्हणजे तेंदूचं पान, ज्यात तंबाखू गुंडाळतात. त्याचं प्रकरणच वेगळं, चौदावं. विड्याचं पानही त्याच प्रकरणात. 'विडीची तंबाखू' म्हणा.

आणि आमच्याकडे या मोडलेल्या पत्तीला सर्रास 'जर्दा' म्हणतात. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा, पत्तीही पिवळट. बाजारात, वखारीत, बोलीला सगळीकडे जर्दाच. पुस्तिकेत हा शब्द आहे का?

अनुवादिका, पुणे :
आहे हो दादा, नमुना इनव्हॉइसमध्येच. मालाचं वर्णन : 'निपाणी जर्दा'.

कस्टम्सचं काम करणारा, उरण :
आधी तो काढा. टॅरिफमध्ये 'जर्दा सेंटेड टोबॅको' अशी स्वतंत्र नोंद आहे, २४०३ ९९ ३०. कागदावर जर्दा दिसला की समोरचा माणूस सुगंधी खाण्याची तंबाखू समजणार आणि तुम्ही नमुना घेऊन प्रयोगशाळेच्या वाटेकडे डोळे लावून बसणार. लिहा, 'विडी बनवण्यासाठीची तंबाखू, शीर न काढलेली, २४०१ १० ५०'. काड्या वेगळ्या केल्या असतील तर २४०१ २० खालची नोंद. जर्दा कंसातसुद्धा नको.

तंबाखूवाल्या घरातला, निपाणी :
पोत्यावर रंगवलेलं असतं त्याचं काय?

कस्टम्सचं काम करणारा, उरण :
पोती बदला.