डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) असलेलं यूएसबी टोकन सर्व्हरला लावलंय, रिमोट डेस्कटॉपवर दिसत नाही

लेखाविभाग:
ईपास २००३ टोकन ऑफिसच्या विंडोज सर्व्हरला लावलेलं आहे. तिथे बसून जीएसटीच्या फॉर्मवर सही होते. घरून रिमोट डेस्कटॉपने शिरलं की टोकन मॅनेजर म्हणतो टोकनच नाही. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला.

सर्व्हरवाला:
ड्रायव्हरचा दोष नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये स्मार्ट कार्डाची प्रत्येक विचारणा विंडोज तुमच्या पुढ्यातल्या मशीनकडे वळवतं. यूएसबी टोकन म्हणजे रीडर आणि कार्ड एकाच डबीत, त्यामुळे त्यालाही हाच नियम. सर्व्हरला खोचलेलं टोकन त्या सेशनला दिसणारच नाही.

टोकन घरच्या लॅपटॉपला लावा. कनेक्ट करण्याआधी 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', मग 'मोअर', आणि 'स्मार्ट कार्ड्स'वर टिक. टोकनचं सॉफ्टवेअर मात्र सर्व्हरवर हवंच, कारण सही करणारा प्रोग्राम तिथे चालतो. लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्मार्ट कार्ड रीडर्स'खाली नाव आलं की पुरे.

की_आणि_कुलूप:
टोकन ऑफिसातच ठेवायचं असेल तर एनीडेस्कसारखं काहीतरी वापरा. ते सर्व्हरसमोरचा स्क्रीनच दाखवतं, त्यामुळे टोकन दिसतं. (पिन चिठ्ठीवर लिहून टोकनला चिकटवू नका, ही पद्धत फार बोकाळली आहे.)

लेखाविभाग:
लॅपटॉपला लावलं, टोकन मॅनेजरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय. ईएमसाइनरची (जीएसटी साइटसाठी सही करणारा प्रोग्राम) सर्टिफिकेटांची यादी मात्र रिकामी.

सर्व्हरवाला:
सर्व्हरच्या सेशनमध्ये 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' (विंडोजची सर्टिफिकेटांची यादी) उघडून 'पर्सनल'मध्ये बघा. तिथेही नसेल तर सर्व्हिसेसमध्ये 'सर्टिफिकेट प्रोपॅगेशन' (टोकनमधलं सर्टिफिकेट या यादीत आणणारी सेवा) चालू करा, टोकन काढून परत लावा.

तिथे असेल, तर सर्व्हरवर दुसरं कुणी लॉगिन आहे का? ईएमसाइनर १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता) वर १५८५ पोर्ट धरून बसतो, आणि हा पत्ता सगळ्या सेशनना सामाईक. ज्याने आधी चालू केला त्याचा पोर्ट. तुमचा ब्राउझर त्याच्या ईएमसाइनरशी बोलतो, आणि त्याच्या सेशनमध्ये तुमचं टोकन नाही. टास्क मॅनेजरचा 'युजर्स' टॅब बघा.

की_आणि_कुलूप:
या गडबडीत पिन अंदाजाने टाकत बसू नका, टोकन लॉक होतं. आणि 'इनिशियलाइझ'ला हात लावू नका. खाजगी की (जिने सही होते ती) पुसली जाते, तिची प्रत कुठेही नसते, नवं डीएससीच घ्यावं लागतं.

लेखाविभाग:
दुसरा युजर 'डिस्कनेक्टेड' होता, ईएमसाइनरसकट. त्याला साइन आउट केलं, माझा ईएमसाइनर परत चालू केला, यादीत सर्टिफिकेट आलं.