हातात हँडल, मनात वचन : रोजच्या बाइकवरचे तुमचे अनुभव

विश्वास आणि बाइक म्हटलं की लगेच डोंगरदऱ्यांतल्या लांबलांबच्या सफरींची वर्णनं सुरू होतात. ती वाचायला मलाही आवडतात. पण आपल्यापैकी बहुतेकांची गाडी रोज त्याच रस्त्याने जाते: कामावर, शाळेच्या फाटकापर्यंत, दवाखान्यात, रविवारी उपासनेला. प्रभू आपल्याशी बोलायचा तर बहुतेक वेळा याच रस्त्यावर बोलणार. तर अशा रोजच्या जाण्यायेण्यात पवित्र शास्त्रातलं एखादं वचन जेव्हा नुसतं आठवलं नाही, तर अंगाला भिडलं, ते इथे लिहा.

दोनच विनंत्या. वचनाचा संदर्भ द्या, म्हणजे बाकीच्यांना उघडून वाचता येईल. आणि दाखला ओढूनताणून आणू नका. येशूने पेरणारा, जाळं, खमीर असे दाखले दिले ते ऐकणाऱ्यांना लगेच पटले, कारण शेत त्यात शेतासारखंच होतं. तुमची गाडीसुद्धा आधी गाडी म्हणून खरी असू द्या.

सुरुवात मी करते. मी नवशिक्यांना बाइक शिकवते. मोकळ्या मैदानात वळणाच्या टोकाला उभी राहते आणि सांगते, माझ्या हाताकडे बघ. तरी नजर खाली जाते, वाटेत ठेवलेल्या शंकूकडे, आणि गाडी नेमकी त्याच शंकूवर जाते. चुकवायचा म्हणून त्याच्याकडे बघतात आणि बघतात म्हणूनच त्याच्यावर जातात. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरली की खांदे फिरतात, हाताचा दाब आपोआप बदलतो, गाडी झुकते आणि वळण पुरं होतं.

मत्तय १४ मधला पाण्यावर येशूकडे चालत जाणारा त्याचा शिष्य पेत्र मला तिथे दिसतो. नीट वाचलं तर वारा काही मध्येच सुटलेला नाही. २४व्या वचनातच तो समोरून वाहतोय, पेत्र अजून मचव्यात आहे. त्याच वाऱ्यात तो उतरला, चाललासुद्धा. ३०व्या वचनात बदलली ती फक्त त्याची नजर: ती वाऱ्याकडे गेली आणि तो बुडू लागला. आणि मला त्याहून मोलाचं वाटतं ते ३१वं वचन. येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं आणि मग ‘अल्पविश्वासी’ म्हटलं. आधी धरलं, मग बोलला. घाबरलेल्या मुलीची गाडी कलंडायला लागते तेव्हा मी हाच क्रम पाळते.

घरोघरी पार्सल पोचवणारा

ताई, माझं सगळं काम बाइकवरच. मोबाइलवर मिनिटं उलटी मोजली जात असतात आणि समोर सिग्नल लाल. अशा वेळी डोकं तापणं सोपं आहे. मला जुन्या करारातल्या नहेम्याने, राजाच्या प्यालेबरदाराने, वाचवलं. नहेम्या २:४ मध्ये राजा विचारतो, तुझी काय विनंती आहे? आणि उत्तर द्यायच्या आधी, उभ्या उभ्या, तो देवाची प्रार्थना करतो. ना गुडघे टेकले, ना डोळे मिटले. राजाला कळलंही नसेल. माझी सिग्नलवरची प्रार्थना अशीच असते: पाय जमिनीवर, डोळे उघडे, गाडी न्यूट्रलला. दिवा हिरवा झाला की आमेन.

पण पहिला अध्याय सोडून दुसरा वाचू नका. तिथे नहेम्या कित्येक दिवस उपास करून, रडून प्रार्थना करत होता. दुसऱ्या अध्यायातली एका श्वासाची प्रार्थना त्या पायावर उभी आहे. सकाळी घरून निघण्याआधी मी प्रभूसमोर बसलो असेन तरच सिग्नलवर त्याच्याशी बोलायला जीभ उचलते.

आणखी एक. लूक १०:५ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की कुठल्याही घरी गेलात तर आधी त्या घराला शांती असो म्हणा. बेल वाजवून दार उघडेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात मी मनात तेवढंच म्हणतो. कोणी हसून घेतं, कोणी न बघताच पिशवी ओढून दार लावतं. पुढचं वचन म्हणतं की तिथे शांतीचा माणूस नसेल तर ती शांती तुमच्याकडे परत येईल. म्हणजे वाया काही जात नाही. जिना उतरताना ती माझ्याजवळ असते आणि पुढच्या दारी मी तीच घेऊन जातो.

जुनी गाडी अजून जपणारा

माझी गाडी कार्ब्युरेटरची, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असलेली. हल्लीच्या गाड्यांना तो नसतो, म्हणून तरुणांसाठी सांगतो. चालता चालता गाडी आचके द्यायला लागते, मग डाव्या हाताने चाचपून कॉक फिरवायचा, थोड्या वेळात इंजिन पुन्हा धरतं. रिझर्व्हला लागली म्हणतात. पुष्कळांना वाटतं रिझर्व्हची टाकी वेगळी असते. तसं नाही. टाकी एकच. कॉकला आत दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. वरच्या तोंडापर्यंत पेट्रोल पोचेनासं झालं की तळाचं उघडायचं.

माझी पत्नी गेली तेव्हा माझी प्रार्थना बंद पडली. राग नव्हता, संशयही नव्हता, शब्दच यायचे नाहीत. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, आता तुम्हाला खास कृपा मिळेल. मी कुठून तरी वेगळं काही येईल म्हणून वाट बघत राहिलो. आलं ते वेगळं नव्हतं. लहानपणी आईने पाठ करून घेतलेली प्रभूची प्रार्थना आली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. तीच, इतकी वर्षं म्हटलेली, आता तळातून येत होती. रोम ८:२६ मी त्या दिवसांत वाचलं: आम्ही कशी प्रार्थना करावी हे आम्हाला ठाऊक नाही, आत्मा स्वतः शब्दांवाचूनच्या उसाशांनी आमच्यासाठी विनंती करतो. आणि स्तोत्र ८८. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. ज्यांच्या घरात अशातच कोणी गेलं असेल त्यांनी ते मोठ्याने वाचावं, असं मी कळकळीने सांगतो.

रिझर्व्हला लागलेली गाडी घेऊन माणूस भटकत नाही, सरळ पंप गाठतो. मी मंडळीत जात राहिलो. गाता येत नव्हतं, तरी गाणाऱ्यांच्या मध्ये बसायचो.

रात्रपाळीचा

स्तोत्र ११९:१०५, वचन पावलांसाठी दिवा. हेडलाइटचा दाखला सगळ्यांनी ऐकलेला आहे, झोत पडतो तेवढाच रस्ता दिसतो तरी तेवढ्यावर घर गाठता येतं, हा. मी एवढंच जोडतो: स्तोत्रकर्त्याचा दिवा तेलाचा, हातातला. त्यात पुढचं पाऊल दिसायचं, पुढचा रस्ता नाही. आपल्या दिव्याचा झोत लांब पडतो म्हणून देवाकडेही लांबचंच मागायची सवय लागते.

मागे बसणारी

मला दिसत नाही. जन्मापासून नाही. भाऊ रोज कामावर सोडतो. तेव्हा हा अनुभव चालवणारीचा नाही, मागे बसणारीचा आहे.

२ करिंथ ५:७, आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे नाही. डोळस माणसं हे वचन मला सांत्वन म्हणून सांगतात. सांत्वन म्हणून मला ते कधीच पटलं नाही. पटलं ते बाइकवर. वळण येण्याआधी दादा अॅक्सिलरेटर सोडतो, माझं अंग किंचित पुढे जातं, इंजिनाचा आवाज खाली उतरतो, मग त्याची पाठ एका बाजूला कलते. मला तिच्याबरोबर कलायचं असतं, तेवढंच. भीतीने उलट्या बाजूला अंग टाकलं तर गाडी चालवणाऱ्याशी भांडते. सरळ ताठ बसलं तरी त्याला जड जातं. वळण किती आहे, कुठे आहे, हे मला कळावं लागत नाही. मला दादा कळावा लागतो.

विश्वास म्हणजे अंधारात उडी, असं जे म्हणतात ते म्हणूनच मला चुकीचं वाटतं. योहान १०:४ मध्ये मेंढरं मेंढपाळाच्या मागे जातात कारण त्याची वाणी ओळखतात. अनोळखी माणसाच्या गाडीवर मी बसणार नाही. येशूवर मी भरवसा टाकते तो त्याला ओळखते म्हणून. आणि ही ओळख रोज पाठीमागे बसून होते, एका दिवसात होत नाही.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

वरच्या ताईंच्या शंकूला जोडून. थोड्या वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी बाजू पुढे दाबायची, म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे जातं. त्यानेच गाडी डावीकडे झुकते आणि वळते. आपण सगळे नकळत हेच करतो, पण पहिल्यांदा समजून केलं तेव्हा मला मत्तय १६:२५ आठवलं, जो आपला जीव राखू पाहतो तो गमावील. उलट वाटणारी गोष्ट नियमानेच चालते. पुढे ताणत नाही.

निवृत्त पाळक

सर्वांच्या साक्षी वाचून आनंद झाला. एक काळजीही लिहितो, प्रेमाने. ‘सकाळी गाडी सुरूच झाली नाही, नंतर कळलं त्या रस्त्यावर अपघात झाला, देवाने मला वाचवलं.’ अशी साक्ष मी मंडळीत पुष्कळदा ऐकली. बलाम नावाच्या संदेष्ट्याची गाढवी वाट सोडून वळली ती समोर देवदूत दिसला म्हणून, हे खरं (गणना २२). देव आजही अडवू शकतो. पण त्या अपघातात सापडलेल्याची आई जर मागच्या बाकावर बसली असेल तर तिने काय ऐकायचं?

लूक १३:४ उघडा. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. वाचलो याबद्दल उपकार जरूर माना. हिशेब मांडू नका.

आणि जो म्हणतो, प्रभू राखतो, मला हेल्मेट कशाला, त्याने मत्तय ४:५-७ वाचावं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे सैतानाने म्हटलं होतं. तेही स्तोत्रातलं वचन देऊन.

परिचारिका

रात्री उशिरा सुटले आणि मागचं चाक पंक्चर. गाडी ढकलत होते तेव्हा एक गृहस्थ थांबले. त्यांनी आपली बाइक मला चालवायला दिली आणि माझी स्वतः ढकलत घेतली. मी हळूहळू पुढे, दिवा रस्त्यावर, ते मागे. वयाने मोठे होते, धापा ऐकू येत होत्या. नाव विचारलं तर नुसतं हसले.

घरी येऊन लूक १०:३४ वाचलं. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने लुटारूंनी वाटेत टाकलेल्या जखमीला आपल्या जनावरावर बसवलं. इतक्या वेळा ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं: मग तो स्वतः चालत गेला असणार. यरुशलेम ते यरीहो हा रस्ता सुमारे १००० मीटर खाली उतरतो, ओसाड, लुटारूंचा. तिथे वेगाने निघून जाण्याचं साधन त्याने दुसऱ्याला दिलं. दया म्हणजे पैसे आणि मलमपट्टी एवढंच मी धरून चालले होते.

गॅरेजवाला

मी चेनबद्दल लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चेन लोंबते, कसून टाका. मी सांगतो, सैल हवीच. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होतं तेव्हा पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांमधलं, अंतर बदलतं. ढील नसेल तर सगळा ताण चेनवर आणि बेअरिंगवर येतो. फार सैल असेल तर उतरते. कसलेली चेन दिसायला चोख, पण आतून गाडी खाते.

मार्क २:२७, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला. पूर्वी रविवारी उपासनेनंतर मी गॅरेज उघडायचो, तेवढीच कमाई जास्त म्हणून. आता उघडत नाही. नियम म्हणून नव्हे. देवाने आठवड्यात ठेवलेली ढील आहे ती, खड्डे येणार हे त्याला माहीत होतं. रविवारी मुलाबरोबर बसून त्याच्या सायकलची चेन धुतो, ते काम मी कामात धरत नाही.

कोणी विचारेल म्हणून मोजायची रीत: गाडी स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन बंद. खालच्या बाजूला मधोमध चेन बोटाने वरखाली करून बघा. किती हलावी ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं, रोजच्या साध्या गाड्यांना बहुधा २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास. मग चाक थोडं थोडं हाताने फिरवून आणखी तीन-चार जागी बघा, कारण वापरलेली चेन सगळीकडे सारखी नसते. जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथलं माप धरायचं.